राष्ट्रपतींची निवडणूक आणि एकशे पंचाहत्तरचं वजन

नमस्कार श्रोतेहो.

महाराष्ट्राच्या विधानसभेतला एक आमदार राष्ट्रपतिपदासाठी मत देतो, तेव्हा त्याच्या मताचं मूल्य एक नसतं, १७५ असतं. उत्तर प्रदेशातल्या आमदाराचं २०८, गोव्यातल्या आमदाराचं २० आणि सिक्कीममधल्या आमदाराचं फक्त ७. हे आकडे कुणाच्या मर्जीने ठरलेले नाहीत. राज्याची लोकसंख्या घ्यायची, तिला निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने भागायचं आणि आलेल्या उत्तराला पुन्हा हजाराने भागायचं. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या होती ५ कोटी ४ लाख १२ हजार २३५. आमदार २८८. करा भागाकार, १७५ येतात. म्हणजे आपला आमदार त्या मतपत्रिकेवर आकडा लिहितो, तेव्हा त्याच्या पाठीशी पावणेदोन लाख माणसं उभी आहेत असं आपली राज्यघटना मानते.

म्हणूनच "राष्ट्रपतींची निवडणूक काय, सगळं ठरलेलंच असतं" हे वाक्य कानावर आलं की मला राहवत नाही. आपल्या बोटाला शाई लागत नाही, गल्लीत रिक्षावरचा भोंगा फिरत नाही, म्हणून ही निवडणूक आपली नाही असं आपण धरून चालतो. पण मत आपलंच असतं. ते आपण पाच वर्षांसाठी दुसऱ्याच्या हाती सोपवलेलं असतं, एवढंच.

हे असं आडवळणाने का? लोकांनी थेट राष्ट्रपती निवडावा, अशी सूचना संविधान सभेत आली होती. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शाह यांनी ती मांडली होती. नेहरूंनी आणि पुढे डॉ. आंबेडकरांनीही ती मान्य केली नाही, आणि त्यामागचा विचार पक्का होता. कारभार करायचा पंतप्रधानांनी आणि मंत्रिमंडळाने. मग कोट्यवधी लोकांची थेट मतं घेऊन आलेला दुसरा एक माणूस राष्ट्रपती भवनात बसवला, तर तो उद्या म्हणेल, मलाही लोकांनीच निवडलंय. दोघांचं पटेनासं झालं की देशाने कुणाचं ऐकायचं? आंबेडकरांनी सांगितलं होतं की आपला राष्ट्रपती राष्ट्राचं प्रतिनिधित्व करतो, राज्य करत नाही. त्यामुळे निवडणूक लोकांच्या प्रतिनिधींकडून, पण फक्त खासदारांकडून नाही. राज्यांच्या आमदारांनाही तितकाच वाटा. सगळ्या आमदारांच्या मतांचं मूल्य एकत्र करायचं आणि त्याला खासदारांच्या संख्येने भागायचं, की खासदाराच्या एका मताचं मूल्य मिळतं. २०२२ मध्ये ते ७०० होतं. अशा रीतीने दिल्लीचं पारडं आणि राज्यांचं पारडं समान राहतं. नेमलेल्या सदस्यांना इथे मत नाही, आणि विधान परिषदेच्या आमदारांनाही नाही. विधान परिषद सगळ्या राज्यांत नाही, तेव्हा ज्यांच्याकडे आहे त्यांना जास्तीचं माप का द्यायचं?

आता मतदानाचं सांगतो. खासदारांची मतपत्रिका हिरवी, आमदारांची गुलाबी. तिच्यावर कुठलंही चिन्ह नसतं, फक्त नावं. आणि शिक्का मारायचा नसतो, आकडा लिहायचा असतो. पहिली पसंती ज्याला, त्याच्या नावासमोर १. हवं तर दुसऱ्याच्या नावासमोर २. आकडा देवनागरीत लिहिला तरी चालतो, पण 'एक' असं अक्षरात लिहिलं की मत बाद. निवडणूक आयोगाने दिलेल्या पेनानेच लिहावं लागतं, दुसऱ्या पेनाने लिहिलं तरी बाद. एवढे साधे नियम. तरी २०२२ मध्ये ५३ मतं बाद ठरली, त्यांतली १५ खासदारांची. हा आकडा वाचला की मला खरोखर वाईट वाटतं. पावणेदोन लाख माणसांचा भार हातात असताना एक आकडा नीट लिहिता येऊ नये? काहींनी मुद्दाम मत बाद केलं असेल, तर ते त्याहून वाईट.

मतपेट्यांचा मानही मोठा असतो. राज्याराज्यांतून त्या दिल्लीला विमानाने जातात, आणि सामानाच्या कप्प्यात नाही. २०२२ मध्ये प्रत्येक पेटीसाठी वेगळं तिकीट काढलेलं होतं आणि अधिकाऱ्याच्या शेजारच्या आसनावर ती पेटी ठेवली जात होती.

पण या निवडणुकीचा खरा गाभा वेगळाच आहे. इथे पक्षादेश काढता येत नाही. ज्याला आपण व्हिप म्हणतो, तो इथे नाही. मतदान गुप्त. पक्षाच्या उमेदवाराला मत दिलं नाही म्हणून पक्षांतरबंदी कायद्याखाली कुणाची आमदारकी जात नाही. पाच वर्षांत सभागृहात बहुतेक वेळा पक्ष सांगेल तसा हात वर करणाऱ्या माणसाला इथे कायदा सांगतो, तू स्वतः विचार कर. प्रचारही त्यामुळे निराळा. उमेदवार एकेका राज्याच्या राजधानीत जातो, आमदारांना भेटतो, पक्षांच्या नेत्यांच्या दारी जातो. जाहीर सभांपेक्षा बंद खोलीतल्या भेटींना महत्त्व. आणि कधीकधी पक्षांच्या भिंती ओलांडल्या जातात. २००७ मध्ये शिवसेना भाजपसोबतच्या आघाडीत होती, तरी तिने समोरच्या आघाडीच्या प्रतिभाताई पाटील यांना पाठिंबा दिला, मराठी व्यक्ती राष्ट्रपती होते आहे म्हणून. जळगावातून १९६२ मध्ये पहिल्यांदा आमदार झालेल्या प्रतिभाताई देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. २०१२ मध्ये सेनेने प्रणव मुखर्जींना मत दिलं. २०२२ मध्ये उद्धव ठाकरे महाविकास आघाडीत असूनही त्यांनी द्रौपदी मुर्मू यांच्या बाजूने कौल दिला.

मात्र या निवडणुकीची ताकद पुरती कळायची असेल, तर १९६९ सालात जावं लागतं. त्या निवडणुकीत मराठी माणसाचा वाटा फार मोठा आहे, आणि तो आपल्याकडे म्हणावा तितका सांगितला जात नाही.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचं पदावर असताना निधन झालं. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी कारभार पाहू लागले. जुलैमध्ये काँग्रेसचे नेते बंगळूरला जमले. पक्षाचा उमेदवार कोण, यावर संसदीय मंडळात मतं पडली. पंतप्रधान इंदिरा गांधींना लोकसभेचे तेव्हाचे अध्यक्ष संजीव रेड्डी नको होते. पक्षातल्या ज्येष्ठांना तेच हवे होते. आपले यशवंतराव चव्हाण तेव्हा केंद्रात गृहमंत्री होते, त्यांनी मत रेड्डींच्या बाजूने दिलं. रेड्डी उमेदवार ठरले. इंदिराबाईंनी त्यांच्या अर्जावर सहीसुद्धा केली. पण बंगळूरच्या बैठकीनंतरच्या काही दिवसांत त्यांनी मोरारजी देसाईंकडून अर्थखातं काढून घेतलं आणि १९ जुलैला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं. दुसऱ्याच दिवशी गिरींनी राजीनामा दिला आणि अपक्ष म्हणून उभे राहिले. राष्ट्रपतीही नाही आणि उपराष्ट्रपतीही नाही, अशी वेळ आली. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांना महिनाभर राष्ट्रपतींचं काम पाहावं लागलं.

आणि तिसरे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत म्हणून १९५६ मध्ये मंत्रिपद सोडणारे ते हेच चिंतामणराव. जनसंघ आणि 'स्वतंत्र' नावाचा पक्ष, या काँग्रेसच्या विरोधकांनी त्यांना उभं केलं होतं. ते निवडून येतील असं फारसं कुणी धरलं नव्हतं. पण इथेच पसंतीक्रमाचं गणित आलं. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा या दोन पक्षांच्या नेत्यांना भेटले आणि म्हणाले, तुमची पहिली पसंती देशमुखांना असू द्या, दुसरी आमच्या रेड्डींना द्या. इंदिरा गांधींच्या बाजूने याच भेटीचं भांडवल केलं. जनसंघाशी बोलणी करणाऱ्यांचं आम्ही का ऐकायचं, असा सवाल उठला, आणि मतदानाच्या तोंडावर पंतप्रधानांनी खासदार-आमदारांना सांगितलं, विवेकबुद्धीला पटेल तसं मत द्या. स्वतः सही केलेल्या उमेदवाराविरुद्ध!

१६ ऑगस्टला मतदान झालं, २० ला मोजणी. वैध मतांचं मूल्य ८,३६,३३७. जिंकायला त्याच्या निम्म्यापेक्षा एक जास्त, म्हणजे ४,१८,१६९ हवे. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८, देशमुखांना १,१२,७६९. कुणीच जिंकलं नाही. मग तळाच्या उमेदवारांना एकामागून एक बाद करत त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजायला सुरुवात झाली. अखेर देशमुखांची पाळी आली. त्यांच्या मतपत्रिकांवरचे दोनचे आकडे बहुतेक रेड्डींकडे गेले, ठरल्याप्रमाणे. पण सगळे गेले नाहीत. काही गिरींकडे वळले, काहींवर दुसरा आकडाच नव्हता. शेवटी गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. आवश्यक कोट्यापेक्षा गिरींना मिळालेलं आधिक्य अवघं १,९०८. महाराष्ट्राच्या आमदारांच्या हिशेबात ती अकराच मतं होतात. आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकांत दुसऱ्या पसंतीची मोजणी करावी लागली, ती आजवर त्या एकाच वेळी.

निकालानंतरही शांतता नव्हती. राष्ट्रपतींच्या निवडणुकीचा वाद फक्त सर्वोच्च न्यायालयात जातो. रेड्डींची बदनामी करणारं निनावी पत्रक खासदारांमध्ये फिरवलं गेलं, अशी तक्रार तिथे गेली आणि राष्ट्रपती असलेले गिरी स्वतः न्यायालयात साक्ष द्यायला आले. याचिका फेटाळली गेली. पण पदावरचा राष्ट्रपती न्यायालयात साक्ष देतो, हे दृश्य या देशाने पाहिलं, आणि मला ते आपल्या लोकशाहीचं भूषण वाटतं. नोव्हेंबरमध्ये काँग्रेस दुभंगली. रेड्डी मात्र १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले. त्या वेळी ३७ जणांनी अर्ज भरले होते, ३६ छाननीत बाद झाले.

अर्जाचे नियमही त्या अनुभवांतून कडक होत गेले. सुरुवातीला एक सूचक आणि एक अनुमोदक पुरत असे, त्यामुळे १९६७ मध्ये १७ उमेदवार होते, १९६९ मध्ये १५. १९७४ मध्ये प्रत्येकी दहा लागू लागले आणि १९९७ पासून प्रत्येकी पन्नास, अनामत १५,००० रुपये. हौसेने उभं राहणं यामुळे थांबलं. पण त्याबरोबर पक्षाच्या आधाराशिवाय एखादा चांगला माणूस उभा राहण्याची वाटही बंद झाली, याची मला खंत आहे.

कुणी म्हणेल, राष्ट्रपतींना अधिकार तरी काय? २५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या कागदावर सही केली. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायची शिफारस आली, तेव्हा के. आर. नारायणन यांनी ती परत पाठवली आणि मंत्रिमंडळाने ती मागे घेतली. खुर्ची तीच. फरक बसणाऱ्या माणसाचा. आणि तो माणूस कोण, हे ठरवणाऱ्या मतांत आपल्या महाराष्ट्राच्या आमदारांचे ५०,४०० आहेत.

शेवटी एक गोष्ट, जिच्याकडे आपण सर्वांनी लक्ष ठेवायला हवं. हे १७५ अजूनही १९७१ च्याच लोकसंख्येवर उभे आहेत. कुटुंब नियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांचं वजन कमी होऊ नये म्हणून १९७६ मध्ये हा आकडा गोठवला, आणि २००१ च्या घटनादुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत तो तसाच ठेवला. आज तमिळनाडूच्या आमदाराचं मत १७६ चं, आपलं १७५ चं, म्हणजे बरोबरीचं. २०११ ची लोकसंख्या धरून, आमदारांची संख्या न बदलता हाच भागाकार केला, तर आपलं मत ३९० चं होतं, उत्तर प्रदेशचं ४९६ चं आणि तमिळनाडूचं ३०८ चं. महाराष्ट्राचं वजन वाढतं म्हणून आपण खूश व्हायचं का? मला ते पटत नाही. ज्यांनी देशाने सांगितलेलं ऐकलं, त्यांचं माप त्यामुळेच कमी झालं, तर पुन्हा कुणी का ऐकावं? आणि दुसरीकडे, आज जिवंत असलेल्या माणसांऐवजी पन्नास वर्षांपूर्वीच्या माणसांची मोजणी किती काळ धरायची, हाही प्रश्न खोटा नाही. द्रौपदी मुर्मू यांची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. नवी जनगणना आणि नवी निवडणूक जवळजवळ हातात हात घालून येत आहेत. त्याआधी तुमच्या भागातले आमदार भेटले, तर रस्ता आणि पाणी यांच्याबरोबर त्यांना हेही विचारा: या भागाकारात काय बदलावं आणि काय राखावं असं तुम्हाला वाटतं? मत कुणाला देणार ते त्यांनी सांगायचं नसतं. हे मात्र सांगायला हवं.

नमस्कार.