एक वार, दोन वार

श्रोतेहो, नमस्कार.

लिलाव म्हटलं की आपल्याकडे आधी आठवते ती देवळातली पावणी. रात्री पालखी बसते, मग देवापुढे आलेला केळ्यांचा घड, फणस, नारळ एकेक करून उचलून धरतात आणि बोली सुरू होते. वीस रुपयांचा नारळ बघता बघता पाचशेला जातो. घेणारा तो डोक्यावर धरून घरी नेतो, आणि हरलेला दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगत सुटतो की मी मुद्दामच सोडला.

मोठ्या शहरांतल्या लिलावगृहांतही हेच चालतं. २०२३ साली मुंबईत राजा रविवर्मा यांचं ‘यशोदा आणि कृष्ण’ हे तैलचित्र ३८ कोटींना गेलं. तिथेही एकच वस्तू दोघांना हवी होती आणि दोघंही मागे हटत नव्हते. एकालाच हवी असती तर इतका भाव चढलाच नसता.

आज मला बोलायचंय ते घरातल्या जुन्या वस्तू, चित्रं आणि हुबेहूब मापाच्या छोट्या प्रतिकृती लिलावात विकण्याबद्दल. मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे तेच तेच पुन्हा सांगायची सवय आहे. तेव्हा तीन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. पुसू नका. घासू नका. मोडीत देऊ नका. पुन्हा सांगतो. पुसू नका, घासू नका, मोडीत देऊ नका.

मोडवाला दारात आला की आपल्या बायामाणसांना हुरूप येतो. तांब्याचा बंब, घंगाळ, पानाचा पितळी डबा, सगळं त्याच्या काट्यावर चढतं. तो वजनाचे पैसे देतो, घडणावळीचा एक पैसा देत नाही. घंगाळ देऊन प्लास्टिकच्या दोन बादल्या घेतलेलं घर मला ठाऊक आहे. ते माझंच घर. त्यावर जास्त बोलत नाही, घरात रेडिओ चालू आहे.

तर आता आजोबांच्या गलबताची गोष्ट.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, विजयदुर्गाच्या बाजूचे. गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. मंगळुरी कौलं, मीठ, नारळ असा माल शिडाच्या जोरावर किनाऱ्याकिनाऱ्याने न्यायचे. पुढे रस्ते झाले, ट्रक आले, शिडाचा धंदा बसला आणि आजोबाही ओटीवर बसले. पण हात स्वस्थ बसेनात. मग फणसाच्या लाकडाचा एक ओंडका घेऊन त्यांनी आपलंच गलबत कोरायला घेतलं. दोन पावसाळे कोरत होते. डोलकाठी, परबाण म्हणजे शीड बांधायचं लाकूड, सुकाणू, पाण्याचं पिंपसुद्धा. दोऱ्यांच्या गाठी खऱ्या गलबतावर जशा मारतात तशाच. लाकडाला मुशी माशाचं तेल लावलेलं, त्यामुळे गलबत माजघरात आणि वास खळ्यापर्यंत. शीड आजीच्या जुन्या लुगड्याचं. आजीला न विचारता कापलेलं. त्यावरून घरात चार दिवस अबोला होता, असं आई सांगायची.

खरं गलबत ३६ हात लांब होतं. आजोबांनी एका हाताला अर्धा इंच धरला. हात म्हणजे १८ इंच. म्हणजे कोरलेलं गलबत नेमकं एक हात भरलं. हा हिशेब त्यांच्या भाड्याच्या वहीत, मिठाच्या गोणींच्या आकड्यांशेजारी लिहिलेला आहे. ज्याला हल्ली ‘स्केल मॉडेल’ म्हणतात ते हेच. एकास छत्तीस. आजोबांना स्केल हा शब्द शाळेच्या फूटपट्टीपुरताच माहीत असेल.

आजोबा गेले, आजी गेली, वाटणीची वेळ आली. माडांची वाटणी सोपी, मोजले की झालं. भांडी वजनावर. पण गलबत एक आणि मामा दोन. थोरले मामा गावचे, धाकटे मामा मुंबईला गिरणीत. आरीने कापता येईना, तेव्हा थोरले मामाच म्हणाले, “पावणी करूया.” आणि मी पडलो भाचा, दोघांचाही सारखाच, म्हणून मला बोली पुकारायला बसवलं.

अकरा रुपयांपासून सुरुवात. एकवीस, एकावन्न, एकशे एक. तिथपर्यंत हसणंखिदळणं चाललं होतं. पाचशेला हसणं थांबलं. हजाराला माझी आई आत निघून गेली. थोरल्या मामांच्या बंडीच्या खिशात काजूबियांचे पैसे होते, ते मधेमधे हात घालून चाचपत होते, आणि बोली तिथवरच चढणार हे मला दिसत होतं. तेवीसशेला ते थांबले. धाकट्या मामांनी वर पन्नास टाकले. मी “एक वार” म्हटलं. “दोन वार” म्हणताना थोरल्या मामांकडे बघितलं. ते माडाकडे बघत होते. “तीन वार.” ठरल्याप्रमाणे पैसे दोघांत निम्मे वाटले. म्हणजे धाकट्यांचे अर्धे पैसे त्यांचे त्यांनाच परत मिळाले, आणि थोरल्यांना वडिलांच्या गलबताचे अकराशे पंचाहत्तर. ते त्यांनी मोजले नाहीत.

इथवर ठीक होतं. पण मुंबईला न्यायचं तर जरा चांगलं दिसायला नको? धाकट्या मामांनी गावातल्याच एका सुताराकडून गलबत नवं करून घेतलं. पॉलिश कागदाने घासलं, तेलाचा काळा थर काढला, वर चकचकीत वॉर्निश. आजोबांच्या गाठी कापून नायलॉनचा दोरा आवळला. लुगड्याचं शीड काढून पांढरंशुभ्र पॉपलीन. गलबत असं दिसायला लागलं की एसटी स्टँडवर विकायला ठेवावं.

पुढे बऱ्याच वर्षांनी, धाकटे मामा गेल्यावर, त्यांच्या मुलीने गलबत विकायचं ठरवलं. तिचा नवरा लहान मोटारी जमवणारा. डिंकी टॉईज म्हणून लिव्हरपूलच्या कंपनीच्या धातूच्या मोटारी, १९३४ पासून त्या नावाने निघाल्या, बऱ्याचशा एकास त्रेचाळीसच्या मापाच्या. त्या मोटारी ज्या पुठ्ठ्याच्या डब्यात यायच्या तो डबा शाबूत असेल तर किंमत सहज दुप्पट होते, असं त्याने मला सांगितलं. मला वाटलं थट्टा करतोय. पण नाही. मूळचं जे जे असेल ते सगळं तसंच हवं असतं.

मामेबहिणीने मला फोन करून विचारलं, “दादा, हे विकणं कायद्यात बसतं ना?” तिला सांगितलं तेच तुम्हालाही थोडक्यात सांगतो. १९७२ चा पुरावस्तू आणि कलासंपदा कायदा आहे. शंभर वर्षं झालेली मूर्ती, चित्र, नाणं, कोरीवकाम हे पुरावस्तू. हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षांचंही. मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या यांची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी लागते, अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि खाजगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. देशात विकता येतात. आमच्या गलबताला शंभर वर्षं व्हायची होती, म्हणून तो प्रश्न आला नाही. आणि लिलावगृहात द्याल तर दोन गोष्टी लेखी घ्या. यापेक्षा कमीला विकायचं नाही ती राखीव किंमत, आणि त्यांची दलाली. हातोडा पडतो तो आकडा तुमच्या हातात पडत नाही.

आणखी एक, वस्तू कोणी घडवली ते नीट लिहून ठेवा. हातात समई घेतलेल्या बाईचं ते जलरंगातलं चित्र, बोटांतून उजेड झिरपणारं, घरोघर कॅलेंडरवर होतं. शंभरातले नव्वद लोक ते रविवर्म्याचं म्हणून सांगतात. ते सावळाराम हळदणकरांचं आहे! आपल्या सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेले हळदणकर, आणि समई धरून उभी राहिली ती त्यांची मुलगी. मूळ चित्र म्हैसूरला जगनमोहन राजवाड्यात आहे. मी हे प्रत्येक भाषणात सांगतो, विषय भातशेतीचा असला तरी सांगतो.

हां, तर गलबत. मामेबहीण गलबत आणि आजोबांची वही घेऊन एका जाणकारांकडे गेली. त्यांनी आधी वही वाचली आणि पट्टी लावून मोजलं. माप तंतोतंत. ते खूश झाले. मग बोट फिरवलं, वॉर्निशवर थांबले, आणि विचारलं, “मूळचं शीड कुठे आहे?” वस्तू न घासता आली असती तर जी किंमत सांगितली असती, तिच्या तिसऱ्या हिश्श्याचा आकडा त्यांनी सांगितला. शीड मिळालं तर थोडं वाढवू म्हणाले. ऐकताय ना? पुसू नका, घासू नका.

शीड कुठे असणार? सुताराने टाकलं असणार. तरी मे महिन्यात गावी गेलो तेव्हा थोरल्या मामींना विचारलं. मामी लोणच्याच्या गडबडीत होत्या. म्हणाल्या, “शीड? ता तुज्या डोळ्यांसमोर आसा.” फळीवर चिनीमातीची मोठी बरणी, तिच्या तोंडावर दादरा बांधलेला. तेलाने पिवळा झालेला, पण काठ ओळखू येत होता. आजीच्या लुगड्याचा काठ. कडेला आजोबांनी घातलेली टाक्यांची दुहेरी शिवण, आणि दोरी ओवायची भोकंही होती तशीच. सुताराच्या अंगणातून मामींनीच ते उचलून आणलं होतं आणि इतकी वर्षं दर उन्हाळ्यात बरणीवर बांधलं होतं. थोरल्या मामांना माहीत होतं. ते कोणाला काही बोलले नव्हते.

मी मामींना सगळं समजावून सांगितलं. गलबत, जाणकार, एकास छत्तीस, किंमत, सगळं. मामींनी दादऱ्याची गाठ आणखी आवळली आणि म्हणाल्या, “मगे माझ्या बरणयेक काय बांधू?”

नमस्कार.