तंबोऱ्याची जवारी जपानमधे कशी सापडली? तोरू ताकेमित्सु

1944 साल, जपानमधे युद्ध चालूय, चौदा वर्षांच्या एका पोराला लष्कराच्या कामाला जुंपलंय, डोंगरातली छावणी आणि परदेशी गाणी ऐकायची नाहीत. तिथल्याच एकाने गुपचूप ग्रामोफोन लावला, सुई नव्हती म्हणून बांबू तासून सुई केली, आणि त्यातून फ्रेंच गाणं वाजलं. तो पोरगा म्हणजे पुढे संगीतकार झालेला तोरू ताकेमित्सु.

युद्ध संपलं, हा आजारी पडला, मग अंथरुणात पडल्या पडल्या अमेरिकन सैन्याचा रेडिओ ऐकायचा. पियानो घ्यायला पैसे कुठले? रस्त्याने जाताना कुणाच्या घरातून पियानो ऐकू आला की सरळ दार वाजवायचं, पाच मिनिटं वाजवू का! जवळजवळ सगळं असंच, स्वतःचं स्वतः शिकला. 1957 मधे तंतुवाद्यांसाठी ‘रेक्विएम’, म्हणजे मृतांसाठीचं शोकसंगीत लिहिलं, ते पुढे स्ट्राविन्स्की या बड्या रशियन संगीतकाराच्या कानावर पडलं तेही चुकून, आणि त्याने तोंडभरून कौतुक केलं.

आता गंमत बघा, या माणसाला जपानी संगीत नकोसं व्हायचं, कारण ते ऐकलं की युद्ध आठवायचं. मग एकदा बुनराकू, म्हणजे तिथला बाहुल्यांचा खेळ बघितला आणि त्यातल्या शामिसेनने, म्हणजे तीन तारांच्या जपानी वाद्याने, त्याला हलवलंच.

बिवा नावाचं एक जपानी वाद्य आहे, त्याची तार छेडली की ती खालच्या लाकडाला किंचित घासते आणि झंकारते, याला ते सावारी म्हणतात. तुम्ही म्हणाल अरे ही तर जवारी! हो, तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवत आपण जे शोधतो ना, बरंचसं तेच.

1967 मधे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसाठी त्याने ‘नोव्हेंबर स्टेप्स’ लिहिलं, बिवा, शाकुहाची बासरी आणि पूर्ण ऑर्केस्ट्रा, कंडक्टर सेइजी ओझावा. फ्युजन समजून ऐकायला गेलात तर फसाल, कारण त्याने जपानी आणि पाश्चात्त्य संगीत मिसळलेलंच नाही, बराच वेळ ऑर्केस्ट्रा गप्प बसतो आणि ही दोघंच वाजवतात. मला हे फार प्रामाणिक वाटतं.

बाकी शंभरच्या आसपास सिनेमांना त्याने संगीत दिलं, पण सुरुवात दिग्दर्शक कुरोसावाच्या ‘रान’पासून करा (शेतातलं रान नाही हां, जपानीत याचा अर्थ गोंधळ, अनागोंदी). किल्ल्यावरचा हल्ला बघा, माणसं मरतायत, घोडे पळतायत, पण किंकाळी नाही, तलवारीचा खणखणाट नाही, फक्त ताकेमित्सुचं संगीत, आणि मग एकच गोळी सुटते, आणि तिच्यासरशी सगळा कल्लोळ कानावर येऊन आदळतो.