जहाज जपानला, धडकी वाळव्यात

हे जे पत्र्याचं शेड दिसतंय ना, मागं ऊस, बाजूला मोटरीची पेटी, कोपऱ्यात रचलेल्या शेणी, ह्याच शेडात माझा मावसभाऊ २०२० च्या जूनमध्ये चौदा दिवस एकटा राहिला. एक बाज, एक पाण्याचा जार, मोबाईल चार्ज करायला पेटीतनं ओढलेली वायर, ती पण लाईट असेल तेव्हाच. मावशी डबा आणून बांधावर ठेवायची, वीसएक पावलं मागं जायची आणि तो जेवून होईपर्यंत तिथंच उभी राहायची. गाव वाळवा तालुक्यातलं आहे, नाव सांगत नाही, कारण त्यातले निम्मे लोक मला अजून रोज भेटतात.

भाऊ क्रूझवर कामाला आहे. गॅलीत, म्हणजे जहाजाच्या किचनमध्ये. इस्लामपुरात (आता ईश्वरपूर म्हणायचं, पण तोंडात बसलेलं सुटत नाही) हॉटेल मॅनेजमेंट केलं, मग मुंबईला थोडे दिवस, मग एकदम समुद्र. गावात पहिल्यांदा कुणीतरी जहाजावर गेलेलं, त्यामुळं पहिल्या सुट्टीला आला तेव्हा चौकात नुसती गर्दी, फोटो दाखव, बर्फ दाखव, गोऱ्या मडमा दाखव.

आणि मग २०२० चा फेब्रुवारी. टीव्हीवर दिवसभर एकच पांढरंशुभ्र जहाज, डायमंड प्रिन्सेस, जपानमधल्या योकोहामाला लागलेलं, आणि धक्क्यावर पांढरे सूट घातलेली माणसं. मावशीचा फोन वाजायला लागला तो थांबेचना. "तुमचं पोरगं त्याच जहाजावर हाय न्हवं?" मावशी सांगून सांगून थकली की बाबांनो ते जहाज वेगळं, ह्याचं वेगळं, हा तिकडं कॅरिबियनला आहे, जपान कुठं आणि ते कुठं. ऐकतंय कोण. गावाच्या डोक्यात जहाज एकच होतं, आणि त्या जहाजावर रोग होता.

आता त्या जहाजावर नक्की काय झालं ते सांगतो, कारण तेव्हा टीव्हीवर आरडाओरडाच जास्त होता. २० जानेवारीला जहाज योकोहामाहून निघालं. एक वयस्कर प्रवासी २५ तारखेला हाँगकाँगला उतरून गेला, १ फेब्रुवारीला कळलं की त्याला कोरोना आहे. ३ तारखेला जहाज परत योकोहामाला आलं आणि ५ तारखेपासून प्रवाशांना आपापल्या केबिनमध्ये कोंडलं. जहाजावर एकूण माणसं ३७११, आणि शेवटी पॉझिटिव्ह निघाले ७१२. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना टेस्ट केली तेव्हा काही म्हणजे काही होत नव्हतं, ना ताप ना खोकला. त्या दिवसांत चीनच्या बाहेर एका ठिकाणी एवढे पेशंट जगात दुसरीकडं कुठंच नव्हते, त्यामुळं अख्ख्या जगाचे कॅमेरे त्या एका जहाजावर.

पण कॅमेऱ्यात दिसायचे ते बाल्कनीत उभे राहून हात हलवणारे प्रवासी. मी भावाला विचारलं की सगळे केबिनमध्ये बंद, मग त्यांना जेवण कोण देत होतं? तो हसला. "आमच्यासारखी पोरंच की." त्या जहाजावर भारतीय होते १३८, आणि त्यातले १३२ कामाला! म्हणजे प्रवासी फक्त ६. प्रवाशांना वेगळं ठेवलं पण वेटर, कुक, भांडी घासणारे ह्यांना वेगळं ठेवून चालणारच नव्हतं, नाहीतर तीन टायमाला ताट कोण पोचवणार. ही पोरं राहतात खालच्या डेकला, एका खोलीत दोघं, बंकबेडला एक पडदा, खिडकी नाही, बाथरूम एकच, आणि जेवायला सगळी मिळून एकाच मेसमध्ये. तिथल्या स्टाफमधले पहिले जे २० पॉझिटिव्ह सापडले त्यातले १५ जेवणखाणाच्या कामातले होते. शेवटी आपल्या पोरांनी मोबाईलवर व्हिडिओ काढून सरकारला हाक मारली की आम्हाला इथनं न्या, आणि २७ फेब्रुवारीला विमान ११९ जणांना घेऊन दिल्लीला आलं. १६ जण पॉझिटिव्ह होते, ते उपचाराला जपानमध्येच राहिले.

हे मला कुणी चौकात बोलताना ऐकू आलं नाही. चौकातली बातमी एवढीच, जहाजात रोग आहे.

भाऊ तेव्हाचं एक सांगतो ते मला फार पटतं. म्हणतो, प्रवासी आम्हाला घाबरायचे कारण आम्ही सगळ्यांच्या ताटाला हात लावणार, आम्ही प्रवाशांना घाबरायचो कारण ते कुठनं कुठनं आलेले, बंदरवाले आम्हा दोघांना घाबरायचे, आणि घरी आलो तर गाव मला घाबरलं. साखळीच.

बंदरवाल्यांचा किस्सा पण आहे. वेस्टरडॅम नावाचं दुसरं जहाज, त्याच फेब्रुवारीत. तैवान, जपान, फिलिपिन्स, ग्वाम, थायलंड, पाच ठिकाणी नको म्हणाले. शेवटी १३ तारखेला कंबोडियाच्या सिहानुकविलला लागलं, पंतप्रधान हुन सेन स्वतः फुलं घेऊन गेले. प्रवासी घरी निघाले आणि एक बाई मलेशियात पॉझिटिव्ह म्हणून जाहीर झाली, परत बोंबाबोंब. आणि नंतर कळलं की तिला झालेलाच नव्हता. एवढं मोठं जहाज समुद्रात फिरत राहिलं, नसलेल्या रोगापायी.

आमच्याकडं रोग आला तो मात्र जहाजातनं नाही आला. २३ मार्चला इस्लामपुरात एकाच घरातले चौघं पॉझिटिव्ह निघाले, सौदीहून विमानानं आलेले, आणि महिनाअखेरीपर्यंत त्यांच्याच गोतावळ्यात आकडा पंचविसाच्या आसपास गेला. मिरजेच्या सरकारी दवाखान्यात उपचार झाले, शहराचा तो भाग सील झाला, आणि साथ तिथंच अडवली, त्याला नंतर इस्लामपूर पॅटर्न म्हणायला लागले. कौतुक झालं, चांगलंच आहे, पण मधल्या काळात आमच्या भागातल्या माणसानं बाहेर कुठं "इस्लामपूरकडचा" म्हटलं की समोरचा दोन पावलं मागं. मला वाटलेलं आता तरी गावाला कळेल की गावाच्या नावानं वाळीत टाकलं की कसं वाटतं. कसलं काय.

भाऊ मे महिनाभर समुद्रातच लटकलेला, रिकामं जहाज, प्रवासी नाहीत, उतरायची परवानगी नाही. मग एकदाचं मुंबईला उतरवलं, टेस्ट निगेटिव्ह, हॉटेलात क्वारंटाईन झालं, परत टेस्ट, परत निगेटिव्ह, ई-पास काढून गाडीनं गावात. मनगटामागं निळसर शिक्का. ती शाई मतदानाची, मावशीनं लिंबू चोळलं, रॉकेल लावलं, हलेना. गावाच्या कमानीपाशीच दहाबारा जण उभे. आमचे एक नाना आहेत भावकीतले, ते पुढं होऊन म्हणाले, "आलास ते बरं केलंस लेकरा, पर चौकात यीऊ नगंस. रानातच ऱ्हा." दुसऱ्या दिवशी डेअरीत मावशीचं दूध घेईनात. म्हशीला काय झालेलं हो? म्हैस कधी जहाजावर गेलेली? चौदा दिवस दूध घरात, शेजारीपण घेईनात, मावशी खवा आटवत बसली, खवा खाऊन खाऊन भाऊ शेडात जाडा झाला.

बरं, आता मजा ऐका. शेडात ठेवलं ते रागानं ठेवलं, भीतीनं ठेवलं, पण जागा म्हणून बघितली तर ह्याच्यापेक्षा चांगली जागा नव्हती. चारी बाजूनं वारा, जवळ माणूस नाही. भाऊच म्हणाला, जहाजातल्या बिनखिडकीच्या खोलीपेक्षा इथं श्वास तरी घेता येतो.

आणि हे आपल्याकडं पहिल्यांदा नाही झालं. माझी पणजी सांगायची असं आई सांगते, प्लेगात घरात उंदीर पडला की गाव उठायचं. उंदीर मरून पडला की समजायचं, भांडीकुंडी, गुरंढोरं घेऊन माळावर झोपड्या टाकायच्या आणि थंडी सरेपर्यंत तिथंच. उंदरावरच्या पिसवा चावून प्लेग होतो हे शास्त्र कुणाला माहीत नव्हतं, पण पाय बरोबर पडत होते. तो प्लेग मात्र खरंच जहाजातनं आलेला, १८९४ ला हाँगकाँगमध्ये (परत हाँगकाँग बघा), आणि १८९६ ला मुंबईत गोदीजवळच्या मांडवीत, तिथनं रेल्वेनं वर पुण्या-साताऱ्याकडं. इंग्रजांनी १८९७ ला साथरोगाचा कायदा केला, स्टेशनावर माणसं उतरवून तपासायचे, घरं फोडायचे, लोक रोगापेक्षा तपासणीला जास्त घाबरले आणि पेशंट लपवायला लागले. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू केला तो कायदा हाच, १८९७ चा.

त्याच प्लेगात आपल्या साताऱ्याच्या, नायगावच्या सावित्रीबाई पुण्यात मुंढव्याहून आजारी पोराला पाठीवर घेऊन मुलाच्या, डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात गेल्या, आणि १० मार्च १८९७ ला त्याच रोगानं गेल्या. गाव माळावर पळत होतं आणि ही बाई उलट्या दिशेनं चालत होती. नायगावला जयंतीला गर्दी असते, भाषणं होतात. आमच्या गावातनं पण गाडी जाते. दूध परत करणारे पण जातात त्या गाडीत.

आता कोरोना ओसरला, पण "क्रूझवर साथ" ही बातमी वर्षातनं चारपाच वेळा तरी येतेच, आणि मावशीचा बीपी वाढतो. बहुतेक वेळा तो असतो नोरोव्हायरस, उलट्या-जुलाब, दोन-तीन दिवसांत माणूस उठून बसतो, म्हातारी माणसं आणि लहान पोरांना जपायचं. अगदी थोडे कण पोटात गेले तरी पुरतात, सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही, साबण-पाणीच लागतं. भाऊ सांगतो, तसं काही सुरू झालं की बुफेतला चमचा पाहुण्याच्या हातात द्यायचा नाही, टेबलावरची मीठदाणी पण उचलायची, सगळं स्टाफनं वाढायचं. आणि अमेरिकेच्या बंदरात आरोग्यवाले अचानक येऊन शंभरातले मार्क देतात, ८५ किंवा खाली आले की नापास. गॅलीतली पोरं त्या तपासणीला यूएसपीएच म्हणतात, आणि वादळापेक्षा तिला जास्त घाबरतात.

पण बातमी एवढी का होते तर तिथं मोजतात म्हणून. तीन टक्के प्रवाशांना किंवा स्टाफला त्रास झाला की अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था, सीडीसी, ती साथ जाहीर करते. त्या सीडीसीचंच म्हणणं आहे की नोरोव्हायरसच्या जेवढ्या साथी नोंदवल्या जातात त्यात क्रूझवरच्या फक्त एक टक्का. आणि आपल्याकडं? लग्नात बासुंदी खाऊन दोनशे माणूस लोळलं तरी "बाधलं" म्हणायचं, ओवा-पाणी द्यायचं आणि संध्याकाळी आहेराचा हिशोब करायचा. दोनशेला दोनशे, कुठं नोंद नाही.

भाऊ परत निघालाय, ह्या महिन्यातच. मावशी भडंगाची पाकिटं बॅगेत कोंबतेय, तो काढून ठेवतोय, वजन होतं म्हणतोय. हे शूटिंग चालू असताना नाना आले, तेच कमानीवरचे, बरोबर नातू, बारावी झालेला, हातात मार्कशीट. उंबऱ्यात बसले, चहा घेतला.

"जहाजावर रोगराई लई असती म्हणं?"

"असती की नाना."

नानांनी कप खाली ठेवला.

"बरं. पगार किती देत्यात?"