पळसाला पाने तीन, मणी चौपन्न

नाशिकच्या पश्चिमेला, पेठ-सुरगाण्याकडे, आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस करतात. वाघदेवाच्या पाटीवर वाघ कोरलेला असतो, सोबत चंद्र-सूर्य. हे पाहिलं की गळ्यात घालायच्या, मणी ओवून विणलेल्या पट्टीवर अख्खा वाघ विणावासा वाटतो. विणू नका. पट्टी नऊ टाक्यांची, त्यात मण्यांना घरं, म्हणजे दोन टाक्यांमधल्या जागा, सहाच. एवढ्यात वाघ ओळखू येत नाही. त्याचे पट्टे येतात: मण्यांच्या प्रत्येक ओळीत मणी एक घर पुढे सरकवा, तिरपी रेघ उमटते. आणि सहा घरांत सगळ्यात सुंदर बसतं ते पळसाचं पान.

दोरा पर्ल कॉटन (पीळदार, चमकदार सुती दोरा) 8 नंबर, मणी 11 नंबरचे, म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटरचे, आणि विणायच्या सुया दीड मिलिमीटरच्या. मण्यांचा नंबर वाढतो तसा मणी लहान होतो, खरेदीत इथेच घोळ होतो. मणी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग उतरला तर घामानेही उतरेल.

सगळे मणी विणण्याआधीच ओवायचे. मण्याच्या सुईत शिवणदोऱ्याचा फास करा आणि पर्ल कॉटनचं टोक त्या फासात अडकवा. जो मणी शेवटी ओवला तो आधी विणला जातो, म्हणून रंगीत नक्षी उलट्या क्रमाने ओवावी लागते.

विणायचं फक्त सुलट. कामाची मागची बाजू आपल्याकडे असेल त्याच ओळीत मणी सरकवा. दोन टाक्यांमधला मणी पलीकडे, म्हणजे दर्शनी बाजूला बसतो. दर्शनी बाजू आपल्याकडे असताना मणी सरकवलेत तर नक्षी मानेला टोचेल.

एका पानाच्या मण्यांच्या ओळी पाच: 2, 4, 6, 4, 2. दोन मण्यांच्या ओळीत चार टाके, मग मणी-टाका दोनदा, मग तीन टाके. चारच्या ओळीत आधी तीन टाके, शेवटी दोन. सहाच्या ओळीत आधी दोन, शेवटी एक. प्रत्येक दोन मणीओळींमध्ये एक साधी ओळ येतेच. पानानंतर एक मणीओळ रिकामी. पानाला 18 मणी, तीन पानांना 54. तिसऱ्या पानाच्या रिकाम्या ओळीनंतर फाल्गुनातल्या फुलाचे दोन केशरी मणी, मग पुन्हा एक रिकामी, आणि पुढची तीन पानं.

आधी एक त्रिदळ, म्हणजे तीन पानांचा एक संच, विणून मोजा. केशरी मण्यांसह ते पाच सेंटिमीटर भरलं, तर सात त्रिदळांची पट्टी 35 सेंटिमीटरच्या आसपास जाते: हिरवे 378, केशरी 12. क्रम दोन्हीकडून सारखाच, त्यामुळे इथे उलट ओवण्याची चिंता नाही. फक्त मोजणी चुकू देऊ नका, एक मणी चुकला की पुढची सगळी पानं सरकतात. जास्तीचा मणी पक्कडीने दाबला तर काच दोरा कापते. त्याच्या भोकात बारीक टोच्या घालून तो आतून फोडा, वर कापड धरून. कमी पडलेला मणी मागाहून सुईने शिवा.

मणी मागे घसरत असतील तर हात सैल आहे. आणि दोऱ्याला केस सुटू लागले, तर मणी फार लांब सरकवले गेले आहेत. दोन-दोन त्रिदळांचेच ओवा आणि नवा दोरा कडेला जोडा.