झुकिनीचं पाणी, चिंचेचा आंबटपणा

(दृश्य : पांढरी बशी. हिरव्या लांब धाग्यांचा ढीग, वर भरडलेले शेंगदाणे, कडेला लिंबाची फोड. कॅमेरा स्थिर. ढिगाच्या बुडाशी हळूहळू पातळ, तपकिरी पाणी साचतं.)

ही बशी वाढून दहा मिनिटं झाली. वाढली तेव्हा सॉस धाग्यांना चिकटलेला होता, चकाकत होता. आता तो धाग्यांवर नाही, खाली आहे, आणि त्याची चवही पातळ झाली आहे. वरचे धागे अळणी आणि तळाशी खारट पाणी.

भाजीच्या नूडल्स पहिल्यांदा करणाऱ्या बहुतेकांची बशी अशीच दिसते. माझीही अशीच होती. मग आपण ठरवून टाकतो की ह्यात काही राम नाही, आणि धागे काढायचं ते यंत्र, स्पायरलायझर, फडताळात मागे सरकतं. पण झुकिनीचा, काकडीसारख्या दिसणाऱ्या ह्या फळभाजीचा, ह्यात दोष नाही. कर्बोदकं कमी करायची म्हणून आपण तिच्याकडून थाई जेवणातल्या तांदळाच्या नूडल्सचं काम मागितलं. तिचा स्वभाव त्याच्या अगदी उलटा आहे.

झुकिनीच्या वजनात जवळजवळ 95 टक्के पाणीच असतं. 100 ग्रॅम कच्च्या झुकिनीत कर्बोदकं असतात सुमारे 3 ग्रॅम. तेवढ्याच वजनाच्या शिजलेल्या तांदळाच्या नूडल्समध्ये ती 24 ग्रॅमच्या आसपास असतात. म्हणजे कर्बोदकं कमी होतात ती ह्या पाण्यामुळेच, आणि बशीत तळं होतं तेही ह्याच पाण्यामुळे. तांदळाच्या नूडल्स सॉस पितात. झुकिनी पाणी सोडते. पुढचं सगळं ह्या एका फरकातून सुटत जातं.

(दृश्य : रस्त्याकडेची थाई नूडल्सची गाडी. मोठी कढई, आच, उलथनं.)

थायलंडमध्ये 'जेवणं' ह्या क्रियेलाच 'किन खाओ' म्हणतात. किन म्हणजे खाणं, खाओ म्हणजे भात. कुणी भेटलं की विचारतात, 'किन खाओ रू यांग?', भात खाल्ला का अजून नाही? ज्या भाषेत जेवण आणि भात ह्यांना एकच शब्द आहे, तिथल्या जेवणातून तांदूळ काढून टाकायचा, ही लहान गोष्ट नव्हे. म्हणून आज आपण करणार आहोत त्याला मी थाई जेवण म्हणणार नाही. थाई स्वयंपाकाकडून शिकून केलेलं जेवण म्हणेन.

नूडल्स तिथे चिनी स्थलांतरितांबरोबर आल्या. 'कुआई तियाओ' हा नूडल्ससाठीचा थाई शब्दही चिनी बोलींतूनच आलेला. जगभर पोचलेल्या पॅड थाईचं पूर्ण नाव 'कुआई तियाओ पॅड थाई', म्हणजे थाई पद्धतीने परतलेल्या नूडल्स. 1938 मध्ये प्लेक फिबुनसोंगक्राम पंतप्रधान झाले. 1939 मध्ये देशाचं सयाम हे नाव बदलून थायलंड झालं. राष्ट्र घडवण्याच्या त्या मोहिमेत नूडल्स खाण्याला सरकारने उत्तेजन दिलं, आणि पॅड थाई घराघरांत नि गाड्यांवर रुळला तो त्याच काळाच्या ओघात. नूडल्स चिनी होत्या. चिंच, फिश सॉस, ताडगूळ आणि मिरची ह्यांनी त्यांना थाई केलं.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या पदार्थाचं थाईपण नूडल्समध्ये नव्हतंच कधी. ते चवींच्या तोलात होतं. नूडल्स बदलल्या तरी तो तोल आपल्या हातात राहतो.

आणि लांब धाग्यांत कापलेली भाजी? ती तर तिथे घरचीच आहे.

(दृश्य : हातात धरलेली हिरवी, कच्ची पपई. सुरीचे भराभर उभे घाव. मग सुरी आडवी फिरते आणि बारीक कीस खाली पडतो. आवाज पुढे येऊ द्यावा, निवेदन थांबावं.)

सोम तम. सोम म्हणजे आंबट, तम म्हणजे कुटणं. थायलंडच्या ईशान्येला असलेल्या इसान भागात आणि शेजारच्या लाओसमध्ये हा पदार्थ रोजचा. कच्च्या पपईचे धागे मातीच्या खोल उखळीत घालतात, लाकडी मुसळाने हलकेच चेचतात, दुसऱ्या हातातल्या चमच्याने खालवर करतात. चेचायचं, पण चेंदा करायचा नाही. धाग्याला जरा मार बसला की त्याच्यात लिंबू, मिरची आणि फिश सॉस शिरतो, आणि कुरकुरीतपणा टिकतो. ह्या पपईकडून नूडल्स होण्याची अपेक्षा कुणी करत नाही. तिचा रस सुटतो, तो चवीत धरलेलाच असतो.

झुकिनी कुठे आणि थायलंड कुठे, असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते. पोर्तुगीज 1511 मध्ये सयामची तेव्हाची राजधानी अयुथ्थया इथे पोचले, आणि त्या शतकात त्यांच्या व्यापारातून मिरची तिकडे गेली. ती मूळची अमेरिका खंडातली. पपई तिथलीच, शेंगदाणा तिथलाच. झुकिनी आज दिसते तशी उत्तर इटलीत तयार झाली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला, पण तिचं कूळ अमेरिकेतल्या भोपळ्यांचं. उखळीत आधीपासून बसलेल्या तिघांची ही उशिरा आलेली गाववाली.

(दृश्य : ओटा. दोन झुकिनी, एक गाजर, स्पायरलायझर, सोलाणं.)

आता हात चालवू. दोन माणसांसाठी दोन मध्यम झुकिनी, मिळून साडेचारशे ग्रॅमपर्यंत. जाड, भल्यामोठ्या घेऊ नका. त्यांच्या पोटात बिया आणि भुसभुशीत गर जास्त, आणि सगळ्यात जास्त पाणी तिथेच असतं. साल काढायची नाही, धाग्याला थोडी ताकद सालीनेच मिळते. स्पायरलायझर असेल तर फिरवा. नसेल तर सोलाण्याने लांब फिती काढा आणि सुरीने उभ्या चिरा. चवीत काही उणं पडत नाही. बियांचा भाग लागला की थांबा. तो गाभा वेगळा ठेवा, सूपमध्ये घालता येतो.

एका लहान गाजराचे धागेही त्यात मिसळते मी. गाजरात कर्बोदकं झुकिनीच्या तिप्पट, 100 ग्रॅमला साधारण 10 ग्रॅम, म्हणून प्रमाण थोडंच. पण दाताखाली काहीतरी टणक लागायला हवं. नुसत्या झुकिनीचा घास फार मवाळ होतो.

धाग्यांवर अर्धा चहाचा चमचा मीठ भुरभुरा, हलक्या हाताने कालवा, चाळणीत घालून खाली भांडं ठेवा. वीस ते तीस मिनिटं तिकडे बघायचं नाही.

(दृश्य : चाळणीखालचं भांडं, जवळून. एक थेंब. मग दुसरा.)

मीठ बाहेर आहे, पाणी पेशींच्या आत. जिकडे मीठ जास्त तिकडे पाणी पेशीच्या पडद्यातून ओढलं जातं. ह्याला परासरण म्हणतात. अर्ध्या तासाने भांड्यात फिकट हिरवं पाणी जमा झालेलं दिसेल. बशीत साचलं असतं ते हेच. आता धागे स्वच्छ सुती फडक्यात घेऊन पिळा. कपडे पिळतो तसं नाही. मूठ आवळायची, सोडायची, पुन्हा आवळायची. मग एक धागा चाखा. खारट लागला तर थंड पाण्यातून काढून पुन्हा पिळा. ही पायरी सोडली तर पुढे फिश सॉस घालताना हात आवरावा लागतो, आणि जेवणाची निम्मी चव त्या सॉसमध्ये आहे.

पाणी निथळेपर्यंत सॉस करून घेऊ. थोडं थांबण्यासारखी जागा इथे आहे, कारण 'कमी कर्बोदकांचं' म्हणून केलेल्या जेवणात साखर शिरते ती इथून. पॅड थाईच्या पुष्कळ कृतींत दोघांच्या सॉसला दोन-तीन मोठे चमचे गूळ किंवा साखर लागते. एका मोठ्या चमच्यात सुमारे 12 ग्रॅम साखर. नूडल्स काढून टाकल्याचं समाधान आपण मानायचं आणि तिकडे सॉसमधून ती परत यायची. बाजारच्या बाटलीतल्या गोड चिली सॉसमध्येही साखर भरपूर असते.

गोडी अजिबात नको, असंही माझं म्हणणं नाही. ताडगुळाशिवाय चिंच नुसती बोचते. दोन मोठे चमचे दाट चिंचेचा कोळ, दीड मोठा चमचा फिश सॉस, आणि एक चहाचा चमचा ताडगूळ. एकच. उरलेली गोडी दुसरीकडून आणायची : छोटे कांदे मंद आचेवर सावकाश परतले की गोड होतात, कोळंबीत स्वतःची गोडी असते.

फिश सॉसला थाईमध्ये 'नाम प्ला' म्हणतात, नाम म्हणजे पाणी आणि प्ला म्हणजे मासा. छोटे मासे मिठात घालून महिनोन्महिने मुरवतात आणि निथळून येणारा रस घेतात. बाटलीला नाक लावू नका, कढईत पडला की त्याचा वास बदलतो आणि मागे खोल, भरलेली चव उरते. शाकाहारी असाल तर सोया सॉस वापरा. चव वेगळी येईल, पण पोकळ लागणार नाही.

हा सॉस छोट्या भांड्यात उकळून आटवायचा, चमच्याच्या पाठीवर बोट ओढलं तर रेघ टिकेल इतका. तांदळाच्या नूडल्ससाठी सॉस पातळ चालतो, त्या तो पिऊन घेतात. इथे पिणारं कुणी नाही. सॉस दाट नसेल तर तो धाग्याला धरणारच नाही.

(दृश्य : कढई तापते आहे. तेलाची लकेर. लसूण पडतो.)

आच मोठी ठेवा. एक मोठा चमचा तेल, लसूण, बारीक चिरलेले आणि आधी परतून ठेवलेले छोटे कांदे, एक ठेचलेली मिरची. गवती चहाच्या दांड्याचा खालचा पांढरा, कोवळा भाग अगदी बारीक चिरून घातला तर सुगंध खुलतो. मग दीडशे ग्रॅम कोळंबी, किंवा दाबून पाणी काढलेले टोफूचे तुकडे. कोळंबी गुलाबी होऊन वळली की लगेच बाहेर काढा. त्याच कढईत दोन अंडी फोडा, मोडून घ्या, तीही बाहेर काढा. ह्या जेवणात पोट भरणारं काय, तर हीच अंडी, कोळंबी, टोफू आणि शेंगदाणे. नुसत्या झुकिनीवर दोन तासांत पुन्हा भूक लागते, आणि मग हलकं जेवण नको वाटायला लागतं.

आता कढई पुन्हा चांगली तापू द्या, धूर दिसू लागेपर्यंत. धागे दोन भागांत टाका. सगळे एकदम टाकले तर कढई थंड पडते, वाफ कोंडते आणि भाजी परतण्याऐवजी शिजू लागते. उष्णतेने पेशींच्या भिंती सैल पडल्या की उरलंसुरलं पाणीही बाहेर येतं. म्हणून फार तर दीड मिनिट. धागा वाकला पाहिजे, पण लोळागोळा व्हायला नको.

दाट सॉस ओता. अंडी, कोळंबी, मूठभर मुगाचे लांब मोड. दोनदा खालवर करा. आच बंद.

लिंबू आता पिळा, आधी नाही. उकळत्या सॉसमध्ये लिंबाचा आंबटपणा राहतो, पण ताजा वास उडून जातो, आणि त्या वासासाठीच तर लिंबू घ्यायचं.

वर दोन मोठे चमचे भाजलेल्या शेंगदाण्यांची भरड, कोथिंबीर. असल्या बशीत एका माणसाला ढोबळमानाने 20 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं मिळतात. दोनशे ग्रॅम शिजलेल्या तांदळाच्या नूडल्स घेतल्या असत्या तर नुसत्या त्यांतूनच जवळजवळ 50 ग्रॅम. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधं घेणाऱ्यांनी मात्र जेवणातली कर्बोदकं अशी एकदम कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. औषधाचा डोस तोच ठेवला आणि ताट बदललं, तर रक्तातली साखर फार खाली जाऊ शकते. त्या वेळी 'हलकं जेवलो' म्हणून अंगात आलेली थरथर दुर्लक्षिली जाऊ नये.

चूल पेटवायचीच नसेल अशा दिवशी सोम तमची वाट धरा. काकडी आणि गाजराचे धागे, खलबत्त्यात चेचलेला लसूण आणि मिरची, लिंबू, फिश सॉस, चिमूटभर ताडगूळ, शेंगदाणे. धाग्यांना वरून दोन-चार हलके ठोसे. पाणी सुटेल, सुटू द्या. इथे ते पाणीच रस्सा आहे.

(दृश्य : टेबलावर चार छोट्या वाट्या. सुक्या मिरचीचा चुरा, साखर, मिरचीचे काप घातलेला फिश सॉस, मिरचीचे काप घातलेलं व्हिनेगर.)

थाई नूडल्सच्या दुकानात ह्या चार वाट्या प्रत्येक टेबलावर असतात. ह्या सरंजामाला 'ख्रुआंग प्रुंग' म्हणतात. रांधणाऱ्याने बशी पुढे ठेवायची, आणि तिखट, गोड, खारट, आंबट ह्यांचा शेवटचा तोल खाणाऱ्याने आपल्या जिभेप्रमाणे साधायचा. रांधणाऱ्याचा त्यात अपमान नाही, तशीच रीत आहे. मला ही रीत फार आवडते. एकाच घरात साखर टाळणारा असतो, तिखट न सोसणारा असतो, आणि दोघंही त्याच कढईतलं खातात. साखरेची वाटी आज आपण फक्त जरा लांब ठेवली आहे.

(दृश्य : बशी टेबलावर येते. हात पुढे होतात.)

वाढलंत की लगेच बसा. फोटो नंतर काढा. पिळली, आटवलं, आच मोठी ठेवली तरी झुकिनी शेवटी झुकिनीच आहे, थोड्या वेळाने पुन्हा पाणी सोडायला लागेल. पहिल्या घासाला लिंबाचा वास येईल, मग चिंच, मग मागून मिरची.

(दृश्य : तीच पांढरी बशी, आता रिकामी. काट्याने ओढलेल्या रेघा. तळाशी चमचाभर सॉस, दाट.)