कार्ड कुणाला दाखवता?

नमस्कार श्रोतेहो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे शाळांचे फुटबॉल सामने खेळवणाऱ्या क्रीडाशिक्षकांशी आज मला मुद्दाम बोलायचं आहे.

३० एप्रिल २०१७. इटलीत काल्यारीच्या मैदानावर घानाचा सुली मुंतारी पाहुण्या पेस्कारा संघाकडून खेळत होता. प्रेक्षकांतले काही जण त्याला रंगावरून शिव्या देऊ लागले. त्यानं पंचाकडे तक्रार केली, तर पंचानं त्यालाच पिवळं कार्ड दाखवलं! तो मैदान सोडून निघाला, म्हणून दुसरं पिवळं, वर एका सामन्याची बंदी. जगभर ओरड झाली तेव्हा बंदी उठली. यजमान क्लबला मात्र दंड नाही, कारण शिव्या देणारे म्हणे दहाच जण होते. दहा तोंडांच्या शिव्या ऐकणाऱ्याला कमी लागतात का हो?

अशी उघड घटना निदान दिसते तरी. धक्का लागला, पोरगं पडलं, शिट्टी वाजली. एवढ्या घाईत पंचाच्या मनात आधीपासून बसलेलं काहीतरी निर्णय देऊन जातं, ते कुणाला दिसत नाही. जोसेफ प्राइस आणि जस्टिन वुल्फर्स या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉलचे १३ हंगाम तपासले. पंच आणि खेळाडू वेगळ्या वंशाचे असले की खेळाडूवर फाऊल किंचित जास्त लागत होते. २००७ साली ही गोष्ट वर्तमानपत्रांत गाजली. नंतरच्या हंगामांत हा फरक सापडेना. पंचांना त्यासाठी वेगळं प्रशिक्षण दिलेलं नव्हतं. आपल्याकडे कुणाचं तरी लक्ष आहे, एवढं कळणं पुरलं असावं.

मला यातच आशा दिसते. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या आश्रमशाळेचा संघ मैदानात उतरला की "डोंगरातली पोरं, धसमुसळीच खेळणार" असं सामन्याआधीच बोललं जातं. भिल्ल, पावरा पोरांचा वेग मग पंचाला दांडगाई वाटायला किती वेळ लागणार?

गुरुजी, मॅडम, सामन्याच्या कागदावर कार्डांची नोंद तुम्ही करताच. स्पर्धा संपल्यावर ते सगळे कागद एकत्र घेऊन बसा. कोणत्या शाळेला किती कार्डं, कशासाठी, शिट्टी कुणाची, हे मांडा आणि सगळ्या पंचांना दाखवा. पुढच्या वर्षी पुन्हा मांडा.