टाकीचा पोचा घरी काढायचाय? आधी त्याची कड शोधा

राम राम मंडळी! आज विषय मोटरसायकलच्या पेट्रोल टाकीच्या पोच्याचा.

पावसाळ्यात आपल्या खान्देशात हे हमखास होतं. शेताच्या बांधावर गाडी साइड स्टँडला लावली, पिकात चक्कर मारायला गेलो, आणि तेवढ्या वेळात काळ्या मातीत स्टँड रुतत गेला. गाडी डाव्या अंगाला आडवी. हँडल वळलं, त्याची मूठ टाकीवर बसली आणि टाकीला वाटीएवढा पोचा! इंजिनाला काही होत नाही, गाडी पहिल्या किकला चालू होते, पण टाकीकडे बघवत नाही. गॅरेजमध्ये नेली तर सरळ सांगतात, लांबी (खड्डा बुजवायचा लगदा) भरू, रंग मारू. म्हणजे कंपनीचा चांगला रंग घासून काढायचा, वरचे स्टिकर घालवायचे आणि खड्डा तसाच ठेवून त्यावर लेप द्यायचा.

मला हे पटत नाही. रंग फुटलेला नसेल, तर अशा कितीतरी टाक्या रंगाला हात न लावता सरळ होतात. त्यासाठी पोचा कसा बसलाय हे आधी डोळ्यांनी वाचता आलं पाहिजे. म्हणून आजचा जास्त वेळ मी तिथेच देणार आहे.

(टाकी जवळून, बाजूला उभी ट्यूबलाइट)

ही ट्यूब मी मुद्दाम टाकीच्या बाजूला उभी धरली आहे. टाकीवर तिची पांढरी रेघ दिसते ना? मी ट्यूब हळूहळू सरकवतो, तुम्ही फक्त त्या रेघेकडे बघा. चांगल्या पत्र्यावर रेघ सरळ धावते. पोच्यात शिरली की आत वाकते. आता खड्ड्याच्या बाहेर बघा, इथे! इथे रेघ उलट्या बाजूला वाकली. म्हणजे खड्ड्याभोवती पत्रा थोडा वर उचलला गेलाय, विहिरीच्या कठड्यासारखा. आपली नजर खड्ड्यावर खिळलेली असते म्हणून ही कड दिसत नाही. तळहाताखाली पातळ सुती कापड घ्या आणि हात सपाट ठेवून फिरवा, कड लगेच हाताला लागेल. जुने डेंटर कापड हातात घेऊन पत्रा तपासतात ते याचसाठी. नुसत्या घामट हाताला ते कळत नाही.

ही कड एवढी महत्त्वाची का? मूठ आदळली तेव्हा मधला पत्रा आत गेला. पण त्या मधल्या भागातल्या बऱ्याचशा पत्र्याला अजूनही मूळ आकारात यायचं आहे. त्याच्यात ताण शिल्लक आहे. त्याला अडवून धरते ती भोवतालची कड, कारण तिथे पत्रा कायमचा वाकलाय. तुम्ही मध्ये कितीही ओढा, कड तशीच राहिली तर पोचा थोडा वर येतो आणि हात सोडला की पुन्हा बसतो. मध्ये ओढ कायम ठेवून कड हलक्या हाताने दाबत गेलात, की मधला भाग आपोआप वर सरकायला लागतो. पोचा काढायचा म्हणजे हेच करायचं.

आता कोणता पोचा घरी निघतो? उथळ, गोलसर, रंग शाबूत, टाकीच्या रुंद गालावर पडलेला. हा आपला. खोल चीर पडलीय, जोडाच्या वेल्डिंगजवळ आहे, झाकणाच्या कंगोऱ्याला लागलाय, किंवा अंगठ्याने दाबल्यावर पत्रा टक-टक आतबाहेर वाजतो, तर तिथे पत्रा ताणून वाढलेला आहे. तो नुसत्या ओढण्याने सपाट होत नाही. आणखी एक बघायचं, टाकी आधी कुणी रंगवलेली आहे का. बाहेरच्या रंगाची पकड कंपनीच्या रंगाइतकी नसते, आपण पत्र्यावर गोंद चिकटवून ओढणार आहोत, त्या गोंदाबरोबर रंगाचा पापुद्राच हातात येतो. वरून चिकटवलेला स्टिकर असेल तर तोही निघेल. लॅकरच्या, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराच्या, खाली असलेला स्टिकर सहसा टिकतो.

आणि तुम्ही विचाराल, आतून हात घालून ढकलला तर? टाकीचं तोंड लहान, आणि खालून फ्रेमसाठी मधोमध बोगद्यासारखी खाच. आतून पोहोचायला जागाच नाही. म्हणून बाहेरून ओढायचं.

ओढण्याआधी पेट्रोल. इथे मी आवाज थोडा चढवून बोलणार आहे, कारण हा भाग टाळून पुढे जाणारे बरेच असतात. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेटण्याइतकी वाफ सोडतं. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ वर जातो, तिथे काय होत असेल याचा विचार करा! हवेत ही वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीने भडका उडतो. गच्च भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की आत पेटायला हवाच नसते. नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत मात्र हवा आणि वाफ नेमकी पेटण्याजोगी मिसळते. म्हणून रिकामी टाकी जास्त धोक्याची. ही वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरत जाते. आंगोळीचं पाणी तापवायचा बंब, चूल, देवघरातली समई, हे सगळं त्याच अंगणात असतं.

म्हणून काम उघड्यावर, घरापासून लांब. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला आधी बॅटरीची तार काढायची, मग कॉक बंद करून नळी काढायची आणि पेट्रोल लोखंडी कॅनमध्ये उतरवायचं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या बहुतेक सगळ्या फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. त्यांच्या टाकीत पंप असतो आणि नळीत दाब असतो. तिथे थेट नळी ओढली तर पेट्रोल डोळ्यांत उडेल. आधी पंपाचं कपलर, म्हणजे तारांचा जोड, काढा, गाडी चालू करा आणि ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. मग बॅटरीची तार काढा, त्यानंतरच नळी. पंप काढताना त्याचं गोल रबर जपून ठेवा, फुगलेलं असेल तर नवीन घ्या. हे जमेल असं वाटत नसेल, तर टाकी उतरवण्यापुरते मेकॅनिकभाऊंना पैसे द्या. तो खर्च वाया जात नाही.

टाकी उतरली की ती साबणाच्या पाण्याने काठोकाठ भरा आणि ओता, मग साध्या पाण्याने पुन्हा एकदा. पाणी भरताना वाफ बाहेर ढकलली जाते. ही वाफ बाहेर पडत असताना जवळपास विस्तव नको, हे लक्षात ठेवा. मग तोंड उघडं ठेवून टाकी उन्हात, चांगली वाळेपर्यंत. आपल्या उन्हाचा हा एक खरा फायदा! ओली ठेवली तर आतून गंज धरेल.

(टेबलावर सामान)

सामान बघा. ग्लू गन, ११ मिलिमीटरच्या गोंदाच्या कांड्या, पत्र्यावर गोंदाने चिकटवायचे प्लास्टिकचे टॅब आणि ते ओढायला हा छोटा पुलर, म्हणजे दोन पाय आणि मध्ये फिरवायचा स्क्रू. हा पूर्ण संच ऑनलाइन मिळतो. कांड्या मात्र डेंट काढण्यासाठीच्या घ्या, शाळेच्या प्रोजेक्टच्या नकोत, त्या ओढ सहन करत नाहीत. एक आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली. आणि कड दाबायला ही सागाची खुंटी, टोक गोल घासून वर चामड्याचा तुकडा बांधलाय. सोबत हलकी हातोडी. बस.

वेळ निवडताना घाई नको. दुपारच्या उन्हात पत्रा हात लावू देत नाही. त्या पत्र्यावर गोंद मऊच राहतो आणि टॅब सुटून येतो. डिसेंबरात धुळ्याच्या पहाटे उलटं होतं, गोंद काचेसारखा कडक होऊन तडकतो आणि थंड रंगालाही तडा जाऊ शकतो. पत्रा हाताला ना गार ना गरम लागला पाहिजे. हिवाळ्यात दहा-अकरानंतर, उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि सावलीत.

पोच्याची जागा अल्कोहोलने पुसून घ्या. मेणाचं पॉलिश मारलेलं असेल तर दोनदा. टॅबला गोंद लावा, पोच्याच्या सगळ्यात खोल जागी टेकवा, पण दाबून गोंद पिळून काढू नका. थर राहिला पाहिजे. एक-दोन मिनिटं थांबा. गोंदाची कड नखाला घट्ट लागली की पुलर बसवा. पुलरचे पाय चांगल्या पत्र्यावर, कडेच्या बाहेर, आणि पायाखाली रबर.

आता स्क्रू फिरवतो. अर्धा फेरा. ताण आला. इथेच थांबायचं! टॅब तुटेपर्यंत ओढत जायचं नाही. ताण तसाच ठेवून खुंटी त्या कडेवर टेकवली आणि हातोडीने टिचकी मारली. टक, टक. कडेभोवती गोल फिरत. रेघ बघा, कड बसत चालली आणि मधला भाग वर येतोय. स्क्रू सैल पडला. म्हणजे पत्रा स्वतःहून वर सरकला. आता पुन्हा थोडा ताण, पुन्हा टिचक्या.

टॅब काढताना त्याच्या कडेने अल्कोहोल सोडा, क्षणभर थांबा, हलकेच पिळा. सुटतो. पेचकसाने उचकटू नका, इतकं करून मग रंग खरवडला जाईल. मग लहान टॅब घेऊन उरलेल्या जागा. थोडं जास्त वर आलं तर घाबरायचं कारण नाही, उंचवटा खुंटीने बसवणं खड्डा उठवण्यापेक्षा कितीतरी सोपं. दर वेळी ट्यूबची रेघ बघून पुढची जागा ठरवा. पहिल्याच दिवशी सगळं झालं पाहिजे असा हट्ट नको. शेवटी शेवटी डोळे थकतात आणि हात जड पडतो.

आता मोबाइलवर दिसणारे उपाय. हेअर ड्रायरने तापवा, बर्फ लावा, पोचा ‘टक’ करून बाहेर! हिशोब करू. पोलाद एका अंशाला मीटरमागे १२ मायक्रोमीटर वाढतं. दहा सेंटिमीटरचा पोचा, ६० अंशांचा फरक धरला, तरी वाढ होते फक्त ०.०७ मिलिमीटर. मोठ्या, सपाट, पातळ पत्र्यात अडकलेला पोचा तेवढ्याने कधी सुटतोही. टाकीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास जाड आणि वळणदार, तो दाद देत नाही. शिवाय ड्रायरमध्ये तापलेली तार आणि मोटरच्या ठिणग्या. पेट्रोलच्या टाकीजवळ तो आणूच नका.

दुसरा उपाय त्याहून वाईट. टाकीत कॉम्प्रेसरची हवा भरा. मंडळी, एक बार दाब म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. पाच सेंटिमीटरच्या पोच्याचं क्षेत्रफळ वीसेक चौरस सेंटिमीटर, म्हणजे पोच्यावर जोर पडला वीस किलो. टाकीचा तळ समजा तीस बाय वीस सेंटिमीटर, तिथे पडला सहाशे किलो! आधी काय हलेल? पोचा आहे तिथेच राहतो, तळाची खाच फुगते, टाकी फ्रेमवर बसेनाशी होते, नाहीतर जोड फाटतो. पाणी भरून फ्रीझरमध्ये ठेवा म्हणतात, त्यातही हेच. आणि टाकीवर वॉशर वेल्ड करून ओढणं हे घरचं कामच नाही. ज्या वर्कशॉपला टाकी धुऊन, वाफमुक्त करून वेल्डिंग करण्याची सवय आहे, तिथेच ते द्यावं.

रंग फुटलेला असेल तर मात्र लांबीला पर्याय नाही. तरीही आधी ओढून पोचा जमेल तेवढा उठवा, लांबीचा थर दोन-तीन मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. जाड थर गाडीच्या थरथरीने तडकतो. ८० नंबरच्या घासायच्या पेपरने पत्रा उघडा करा, कडा १८० ने उतरत्या घ्या. शंभर ग्रॅम लांबीला दोन ग्रॅम हार्डनर, आणि मिसळायचं पत्र्यावर किंवा प्लास्टिकवर, पुठ्ठ्यावर नाही, पुठ्ठा तिच्यातला द्रव शोषून घेतो. लांबी कोरडीच घासा. पाणी लावलं तर ती पाणी पिते आणि पुढे रंगाला फोड येतात. पाण्याचा पेपर प्रायमर मारल्यानंतर. वरचं लॅकर हार्डनर मिसळायचं, टू-के घ्या. साध्या स्प्रेच्या डब्यातलं लॅकर पेट्रोल सांडलं की विरघळतं. मात्र टू-केच्या हार्डनरमधली आयसोसायनेटं फुप्फुसाला फार वाईट, साध्या कापडी मास्कने ती अडत नाहीत. योग्य फिल्टरचा मास्क नसेल तर एवढं एक काम रंगाऱ्याला द्या. मेमध्ये स्प्रे पत्र्यावर पोहोचायच्या आधीच वाळून खरखरीत होतो, श्रावणात दमट हवेने लॅकर पांढुरकं पडतं. रंगाचं काम दिवाळीनंतर काढलेलं बरं.

टाकी परत चढवण्याआधी थोडं पेट्रोल घाला आणि ती जुन्या वर्तमानपत्रावर, उघड्यावर ठेवा. थोड्या थोड्या वेळाने कूस बदला. कागदावर डाग दिसला तर जोड हललाय, ती टाकी गाडीवर चढवू नका.

आणि चढवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. मूठ आणि टाकी यांच्यात बोटं शिरतील एवढी जागा हवी. गाडी पडते तेव्हा खाली फोर्कपाशी असलेला हँडलचा स्टॉपर बऱ्याचदा वाकतो, आणि मग मूठ दर वळणाला त्याच जागी घासते. स्टॉपर वाकला असेल तर तो आधी सरळ करून घ्या. आणि बांधावर साइड स्टँडखाली एक चपटा दगड ठेवत चला.